लोकर आणि सिस्टरचा हात

तिसऱ्यांदा पाठ ओली लागली की सायकल माळ्यावर, असा निकाल सिस्टरनं दिला तेव्हा सूरवाले चहा पीत होते. अपील करायची सोय नव्हती, कारण वरचं कोर्टही तीच होती.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. मुलांच्या वॉर्डात छत्तीस वर्षं नर्स. सगळी आळी तिला सिस्टर म्हणायची आणि नवराही तेच म्हणायचा. लग्नाआधी भाच्याला बघायच्या निमित्तानं ते वॉर्डात चकरा मारायचे, तेव्हा जिभेला लागलेली सवय चौतीस वर्षांच्या संसारात सुटली नाही. भाचा चार दिवसांत बरा होऊन घरी गेला. मामांच्या चकरा मात्र पुढे दीड महिना चालू होत्या.

सूरवाले पियानो लावायचे. घरोघरी, शाळांतून, एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात जाऊन उतरलेले पियानो पुन्हा सुरात आणून द्यायचे. त्यांचं खरं नाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. कान असा तयार, की घरातला फ्रीजसुद्धा त्यांना बेसूर वाटायचा, आणि त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून त्यांनी त्याला जवळजवळ सुरात आणला होता. "माझ्या घोरण्याखाली काय सरकवताय तेवढं बघा," सिस्टर म्हणायची.

तर गेल्या हिवाळ्यात हा माणूस चौदा किलोमीटर सायकल हाणत, घामानं चिंब बनियन घालून घरी आला, तसाच खुर्चीत बसून पेपर वाचत राहिला आणि चार दिवसांनी न्यूमोनियानं आडवा झाला. चांगले तीन आठवडे. डॉक्टरांनी जंतूचं नाव सांगितलं, सिस्टरनं बनियनचं. यंदा गारठा पडायला लागला तशी तिनं दारातच पाठतपासणी सुरू केली. घरी आलं की बूट काढायच्या आधी सूरवाल्यांनी पाठ करून उभं राहायचं. सिस्टर कॉलरमधून हात आत घालणार, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळवा टेकवणार आणि काय ते सांगणार. तिचा तळवा थर्मामीटरच्या आधी ताप सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आता कुणी म्हणेल, एकसष्टाव्या वर्षी माणसानं मुकाट्यानं बसनं जावं. सूरवाल्यांचा मेहुणा हेच म्हणायचा. तो बसडेपोत कामाला होता आणि त्यानं पासाचा फॉर्म भरून, फक्त सहीपुरता ठेवून, त्यांच्या फ्रीजवर चिकटवून दिला होता. पण बसचं सूरवाल्यांना वावडं होतं, आणि ते उगाच नव्हतं. दिवसभर एकेक तार ताणत, एकच स्वर शंभरदा ऐकत त्यांचे कान किटून जायचे. त्यावर बसचा खडखडाट, कुणाच्या तरी मोबाइलवरची गाणी, प्रत्येक थांब्याला केकाटणारं दार. बसनं आलं की ते खोलीचं दार लावून पडून राहायचे. चमचा खाली पडला तरी कपाळाला आठ्या. सिस्टर वॉर्डातल्या गमती पोटात घेऊन बसायची आणि त्या पोटातच राहायच्या. सायकलवर मात्र वारा आणि साखळीची कुरकुर, बाकी काही नाही. पाऊण तासात कान धुतल्यासारखे व्हायचे. दारात पाऊल टाकता टाकता सूरवाले बोलायला लागायचे ते जेवण होऊन, भांडी घासून झाली तरी थांबायचे नाहीत. सायकल गेली तर थंडीच्या चार महिन्यांच्या संध्याकाळी गेल्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सिस्टरलाही माहीत होतं, पण ती कबूल करत नव्हती.

दोन वेळा पाठ ओली लागली होती. पहिली सरळच: नेहमीचं सुती बनियन, वर शर्ट, वर मेहुण्यानं दिलेलं प्लॅस्टिकचं जाकीट. त्या जाकिटातून बाहेरचा वारा आत येत नव्हता आणि आतला घाम बाहेर जात नव्हता. सिस्टरनं हात बाहेर काढला आणि टॉवेलला पुसला. दुसरी वेळ सांगायला सूरवाल्यांना आजही लाज वाटते. त्या दिवशी आपण भिजलोय हे कळल्यावर ते घराच्या कोपऱ्यावर न्हाव्याच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "ते केस वाळवायचं यंत्र जरा पाठीवर मार."

"काका, केस डोक्यावर नाहीत म्हणून पाठीवर आलेत काय?" न्हावी म्हणाला, पण गुणी माणूस, त्यानं पाठ खडखडीत वाळवून दिली आणि हाताच्या सवयीनं मानेवर पावडरही फासली.

सिस्टरनं हात घातला. "कोरडी," ती म्हणाली. सूरवाल्यांची छाती फुगली. "पण ही ऊब तुमची नाही. आणि पाठीला पावडर कधीपासून लावायला लागलात?"

मग चहा, मग तो निकाल. लबाडीला वेगळी शिक्षा न करता तिनं ती ओल्यातच धरली, एवढी काय ती दया. "दोन झाल्या. आता तिसरी. तोवर नीट कपडे तरी घ्या, अहो. थंडीत सायकल चालवणारे लोकरीचे घालतात तसले."

"लोकर?" सूरवाले एकदम ताठ बसले. "लोकरीतलं मला कुणी शिकवायला नको."

आणि इथंच घोडं अडलं. कारण बोलणं खोटं नव्हतं. पियानोत प्रत्येक तारेवर आपटायला एक छोटी लाकडी हातोडी असते आणि तिच्या डोक्यावर दाबून दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा थर असतो. चाळीस वर्षं सूरवाल्यांची बोटं त्या लोकरीवर फिरत होती. चिमटीत धरून ते सांगायचे, ही किती वर्षं टिकेल. जिचा थर घट्ट, ती टिकाऊ. जी भुसभुशीत, ती दोन वर्षांत चिरते. हे ज्ञान घेऊन ते कपड्यांच्या दुकानात गेले.

दुकान संगीतशाळेच्या मागच्या गल्लीत होतं, किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि दातांच्या दवाखान्याच्या मध्ये. चालवणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या, मजबूत बांध्याच्या. बारा हिवाळे त्यांनी सायकलवरून औषधांची पार्सलं पोचवली होती आणि नंतर हे दुकान काढलं होतं. दुकानात त्यांची एक पद्धत होती. मधोमध एक सायकल लोखंडी घोडीवर चढवून ठेवलेली. गिऱ्हाइकानं नमुन्याला ठेवलेला कपडा घालायचा, दहा मिनिटं पायडल मारायचे, मग मागचं दार उघडून पाच मिनिटं गल्लीत गार वाऱ्याला उभं राहायचं. मगच खरेदी. "आरशात सगळेच कपडे चांगले दिसतात," ताई म्हणायच्या.

"बसा काका सायकलवर," त्यांनी सूरवाल्यांनाही सांगितलं.

"त्याची गरज नाही." सूरवाले हँगरवरचे कपडे एकेक करून चिमटीत धरत पुढं चालले होते. पहिला चिमटीत धरला, सोडला. दुसरा वास घेऊन सोडला. एक तलम, अंगालगत घालायचा अंगरखा तर त्यांनी उजेडात धरला आणि हसलेच. "यातून पेपर वाचता येईल हो."

"वाचू नका, घाला."

पण सूरवाल्यांचा हात कोपऱ्यातल्या एका राखाडी कोटाशी थांबला होता. गरम पाण्यात उकळून, आटवून घट्ट केलेली लोकर. तळव्याएवढी जाड वाटत होती. त्यांनी ती वाकवली, नखानं खरवडली, तोंडाशी धरून फुंकर मारली. फुंकर पलीकडे गेली नाही. "ही! ही खरी लोकर. दाणा बघा कसा आहे."

"काका, फुंकर पलीकडे जात नाही हेच तर..."

"ताई, चाळीस वर्षं माझ्या हाताखालून लोकर जातेय."

"मेंढ्या पाळता?"

"पियानो लावतो."

ताईंना यातला धागा काही सापडला नाही. त्यांनी एकदा घोडीवरच्या सायकलीकडे पाहिलं, एकदा गिऱ्हाइकाकडे, आणि हात टेकले. कोट कागदात गुंडाळताना एवढंच म्हणाल्या, "बदलून हवा असेल तर या. पण घाम लागलेला मी परत घेत नाही, आधीच सांगते."

दुसऱ्या दिवशी सिस्टरची दिवसाची ड्यूटी होती, ती आधीच गेलेली. सूरवाल्यांनी सवयीनं सुती बनियन चढवलं, वर तो कोट घातला, आणि आरशात त्यांना एक किल्लाच दिसला. फाटकाबाहेर पडले तर थंडीचा मागमूस नाही. रस्त्यावर माणसं कुडकुडत चालली होती, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि हे आपले राजासारखे उबेत. घंटी वाजवायचं कारण नसताना त्यांनी दोनदा वाजवली.

पूल यायच्या आत मान ओली झाली. पूल उतरताना पाठीवरून पहिला ओघळ गेला. रेल्वेच्या फाटकाशी थांबले तेव्हा कोटाच्या आत डाळ शिजत असावी तशी गत होती, आणि एक थेंब बाहेर पडायला वाट नव्हती. सूरवाले संगीतशाळेत पोचले तेव्हा बनियन पिळलं असतं तर पेलाभर पाणी निघालं असतं. मग तिथल्या उंच छताच्या गारढोण खोलीत बसल्यावर तेच पाणी पाठीवर गार पडायला लागलं. संध्याकाळी पुन्हा चौदा किलोमीटर, पुन्हा हाच कोट, आणि दारात तो हात. त्यांना माळ्यावरची जागासुद्धा डोळ्यांपुढे दिसली: जुन्या गाद्यांच्या शेजारी, चाकं वर.

काम मात्र करणं भाग होतं. शाळेच्या मुख्य बाई वाटच बघत होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या.

"सुरात आहे हो, पण ओरडतो," त्या पियानोबद्दल म्हणाल्या. "हळू वाजवलं तरी ओरडतो. मुलं दचकतात."

सूरवाल्यांनी पुढची फळी काढली, हातोड्यांची रांग बाहेर घेतली आणि पिशवीतून तीन सुयांचं हत्यार काढलं. एकेका हातोडीच्या लोकरीत, कडेकडेनं, सुया टोचायला लागले.

"अहो, भोकं काय पाडताय?" बाई घाबरल्या.

"घाबरू नका. रोज आपटून आपटून लोकर घट्ट होऊन बसते. घट्ट झाली की ती आवाज आत घेत नाही, सगळा बाहेर फेकते, म्हणून ओरडल्यासारखं वाटतं. सुईनं तिला जरा सैल करायची. लोकरीचं सगळं काम आतल्या हवेचं असतं, बाई. हवा दाबून काढली की उरलं काय? पुठ्ठाच की. धाग्याधाग्यात हवा खेळती राहिली तरच..."

ते थांबले. सुया हवेतच राहिल्या.

"तरच काय?" बाईंनी विचारलं.

"बाई, मी गाढव आहे."

"पियानोबद्दल चाललं होतं ना आपलं?"

"चाळीस वर्षं जे जगाला सांगतोय ते स्वतःच्या पाठीला सांगायचं राहिलं हो!" सूरवाले उभे राहून कोटाची बटणं सोडत होते आणि हसत होते. असं हसणं त्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच झालं असावं, कारण शेजारच्या वर्गातलं गाणं बंद पडलं. "पुठ्ठा घालून आलोय मी. उकळलेला पुठ्ठा!"

"तुम्ही जेवणाची सुट्टी घ्या," बाई हळूच म्हणाल्या. "लांबलचक घ्या."

ताई काउंटरवर डबा उघडून बसल्या होत्या. दारात ओलेते सूरवाले आणि त्यांच्या हातात तो कोट बघून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बोटानं फक्त सायकल दाखवली.

"बसतो," सूरवाले म्हणाले. "तुम्ही सांगाल ते घालतो. पण आज संध्याकाळी माझी परीक्षा आहे, ताई. नापास झालो तर सायकल जाते."

परीक्षा कसली ते ऐकून ताईंना इतकं हसू आलं की त्यांनी काउंटर धरला. मग डोळे पुसून त्या कामाला लागल्या. आधी सुती बनियन पिशवीत गेलं. "हे थंडीत सायकलवर पुन्हा घालायचं नाही. सूत पाणी पितं आणि धरून बसतं." मग कालचाच तो तलम अंगरखा पुढे आला. सूरवाले तो तळहातावर घासून बघायला लागले, तर ताईंनी हात धरला. "हाताला काय कळतंय? मानेला लावा. मानेला टोचली नाही, तर कुठंच टोचत नाही." तिथं आणखी एक स्वस्तातला, जाड्याभरड्या लोकरीचा होता, तो मानेला लावताच सूरवाल्यांनी अंग झाडलं. तलम मात्र मानेवर आहे की नाही कळेना. माप त्यांनी ऐसपैस मागितलं, तेही ताईंनी नाकारलं. "अंगाला टेकला पाहिजे, आवळला नाही पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर घाम तो घेणार कसा?"

दहा मिनिटं पायडल. सूरवाल्यांनी आज सगळी घमेंड पायांत ओतली. दातांच्या दवाखान्यात निघालेले एक गृहस्थ गाल धरून काचेतून बघत उभे राहिले आणि दुखणं विसरले. मग मागचं दार, गल्ली, गार वारा. सूरवाले डोळे मिटून उभे होते. सकाळच्या बनियनात या घडीला पाठीवर बर्फाची लादी असती. आता पाठीवर ओल होती खरी, पण ती बोचत नव्हती. बघता बघता तीही विरत चालली.

"लागतंय गार?" ताईंनी आतून विचारलं.

"नाही हो!" ते ओरडले. "सुया टोचलेली आहे ही लोकर! सगळी हवाच आहे आत!"

ताईंना हे काही कळेना, तेव्हा सूरवाल्यांनी त्यांना हातोड्यांची सगळी हकीकत सांगितली, आणि ताई ती तोंड उघडं टाकून ऐकत राहिल्या. पुढची खरेदी झरझर झाली. तलमवर एक सैल विणीचं लोकरी जॅकेट: गळ्यापासून छातीपर्यंत चेन, चढाला उघडायची, उताराला ओढायची, मागून लांब, वाकलं तरी कंबर उघडी पडणार नाही असं. वारा अडवायला नुसतं पुढून पातळ कापड, पाठीला जाळी असलेली एक बंडी. मोज्यांच्या बाबतीत सूरवाल्यांनी जुन्या वळणावर जाऊन दोन जोड एकावर एक मागितले आणि लगेच स्वतःच जीभ चावली. "नको. बूट आवळला की हवा गेली. एकच द्या."

"पास," ताई म्हणाल्या. "आता एकच ऐका. निघताना कुडकुडायला झालं पाहिजे. पहिली दहा मिनिटं थंडी वाजली तर कपडे बरोबर. फाटकातच ऊब वाटली तर घरी परत जायचं आणि एक काढून ठेवायचा."

"आणि या कोटाचं काय करू?"

"बसची वाट बघत उभं राहायला त्याच्यासारखा कोट नाही. असं कुणी असेल त्याला द्या."

सूरवाल्यांना लगेच मेहुणा आठवला.

संगीतशाळेतलं काम त्यांनी पुरं केलं. शेवटची हातोडी टोचून झाल्यावर बाई येऊन बसल्या, हळू वाजवलं, आणि पियानो हळूच बोलला. बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. सूरवाल्यांनी हत्यारं आवरून काढता पाय घेतला, कारण अंधार पडायच्या आत घर गाठायचं होतं.

बाहेर धुकं उतरलं होतं आणि वारा तोंडावर होता. पहिल्या शंभर पावलांतच दात वाजायला लागले. पिशवीत तो कोट होता. हात दोनदा पिशवीकडे गेला. दहा मिनिटं, ते स्वतःला म्हणाले, दहा मिनिटं. रेल्वेचं फाटक गेलं. पूल आला. पुलावर वाऱ्यानं झोडपलं, बंडी छातीला चिकटली, आणि तिथंच कुठंतरी त्यांच्या ध्यानात आलं की आपण कुडकुडायचं थांबलोय. ऊब आली होती, आणि ती कुणी वरून लादलेली नव्हती, आतूनच आली होती. पाय हलत होते तोवर ती राहणार होती. सूरवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मोठ्यांदा गायला सुरुवात केली. इतरांना सुरात आणणाऱ्या या माणसाचा स्वतःचा गळा अगदी बेताचा होता, पण पुलावर ऐकायला दोन बदकांपलीकडे कुणी नव्हतं. साखळी कुरकुरत होती, टायरखाली ओला रस्ता सळसळत होता, आणि दिवसभराचे स्वर एकेक करून कानातून गळून पडत होते.

घराजवळचा पाण्याच्या टाकीचा चढ तेवढा राहिला. तो कुणाला सोडत नाही. सूरवाल्यांनी चेन उघडली, तरी मध्यावर कपाळ भिजलं आणि खांद्यांच्या मधोमध, नेमकी तिथंच, ओल जाणवली. उतरून चालावं का? चालले असते तर पाठ कोरडी पोचली असती. पण न्हाव्याच्या दुकानावरून आधीच एक धडा मिळाला होता, आणि शिवाय तो चढ उतरून चढायचा म्हणजे सायकल आधीच माळ्यावर टाकल्यासारखं झालं असतं. ते पायडलवर उभे राहिले आणि वर आले.

सिस्टर फाटकापाशीच भेटली. तीही ड्यूटी संपवून, बाजार करून, आत्ताच पोचत होती. हातात पिशव्या, नाक लाल. दोघं दारापर्यंत आली. तिनं पिशव्या खाली ठेवल्या.

"वळा."

"सिस्टर, आधी ऐक. सकाळी मी पुरता भिजलो होतो. कोट चुकीचा घेतला. दुपारी हे घेतलं. म्हणजे सकाळची एक तशी..."

"वळा म्हणते ना."

सूरवाले वळले. कॉलरमधून हात आत आला, तलम लोकरीखाली सरकला, खांद्यांच्या मध्ये टेकला. रोज ती तीन मोजेपर्यंत हात काढायची. आज काढला नाही.

"ओलसर आहे," ती म्हणाली.

"चढाला आलं ते. उतरून चाललो असतो तर आलं नसतं, पण नाही उतरलो. धर तिसरी. मी तक्रार करणार नाही."

सिस्टरचा हात थोडा खाली गेला, पुन्हा वर आला.

"पण गार नाही," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता. "अहो, ओली आहे आणि गार नाही."

"लोकरीचं असंच असतं. त्यात हवा..."

"ते राहू द्या. गेल्या वर्षी पहाटे तुमचा ताप उतरला ना, तेव्हा माझा हात असाच तुमच्या पाठीला लागला होता. घामानं भिजलेली, आणि इतकी गार... तशा पाठींना मी वॉर्डात हात लावलाय. छत्तीस वर्षांत पाच वेळा. पाचही मला आठवतात. मला ओलीचं काही नाही हो. मला त्या गार पाठीची भीती वाटते. रोज दारात हात घालते तो तेवढ्यासाठी."

सूरवाल्यांना वाटत होतं, ही आपल्याला शिस्त लावतेय. आणि ती रोज संध्याकाळी दारात उभी राहून नवरा जिवंत आहे ना ते बघत होती. त्यांचे डोळे भरून आले. बरं झालं, पाठ तिच्याकडे होती.

"मग सायकल?" त्यांनी विचारलं.

"सायकलीला काय झालंय? राहू दे की खाली."

समोरच्या घराची खिडकी उघडली आणि कुणीतरी कुतूहलानं डोकं बाहेर काढलं. सिस्टरचा हात अजून कॉलरच्या आतच होता.

"झाली ना तपासणी?" सूरवाले कुजबुजले. "हात काढ आता. लोक बघतायत."

"बघू दे. बसस्टॉपपासून चालत आलेय, बोटं गारठलीत माझी. जरा शेकू दे."

मग सूरवाले तसेच, बूट न काढता, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि संगीतशाळेत आज काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लागले.